नदीकाठची मोटार आणि खिशातला फोन : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२४

पलूस तालुका, कृष्णेचा काठ. सकाळी साडेदहाला पंपहाऊसवर पोहोचलो, मी आणि कंट्रोलरचं, म्हणजे फोनचा हुकूम घेऊन मोटार चालवणाऱ्या यंत्राचं, काम बघणारा माझा सहकारी. दगडी पायावर पत्र्याची खोली, आत १०० एचपीच्या दोन मोटारी, प्रत्येकीला जोडलेला आडवा सेंट्रिफ्यूगल पंप, भिंतीला मोटार आधी कमी जोरात (स्टार), मग पूर्ण जोरात (डेल्टा) सुरू करणाऱ्या दोन जुन्या स्टार-डेल्टा पेट्या. इथून २.२ किलोमीटरची पाइपलाइन ४५ मीटर चढून डिलिव्हरी चेंबरला जाते. तिथून पुढे पाटकरी पाळीप्रमाणे उसाला पाणी देतात.

पाणी देणाऱ्या संस्थेच्या सचिवांची मागणी एका ओळीची आहे : मोटार फोनवरून चालू-बंद झाली पाहिजे. शेतीची थ्री फेज लाईट कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रीची पाळी आली की ऑपरेटर अण्णा टॉर्च घेऊन उसातल्या वाटेनं येतात. त्या वाटेवर घोणस आहे, हल्ली बिबट्याचंही भय आहे. अण्णांचं वय एकसष्ट.

फोनवरून मोटार चालवणं महाराष्ट्रात नवं नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं नॅनो गणेश साध्या फोनवरून विहिरीवरची मोटार चालू-बंद करायचं. २००९ साली नोकियाच्या स्पर्धेत त्याला बक्षीसही मिळालं. पण विहिरीवरची ५ एचपीची मोटार वेगळी आणि दोन किलोमीटर पाणी ढकलणारी १०० एचपी वेगळी. ती चुकीच्या क्षणी फिरली तर हात जातो.

आज फोन बाहेरच काढला नाही. अण्णा मोटार कशी सुरू करतात ते बघत उभी राहिले. आधी पंपाच्या डोक्यावरचा एअर कॉक उघडला. फुसफुस, मग थुंकल्यासारखं पाणी, मग अखंड धार. धार अखंड झाल्यावरच कॉक बंद. मग वाकून ग्लँड, म्हणजे शाफ्टभोवती पाणी अडवायला दोरी भरतात ती जागा, बघितली. मग प्रेशर गेज : साडेचार किलो, म्हणजे वर चेंबरपर्यंत लाइन भरलेली. मग पेटीचं हिरवं बटण. स्टारमध्ये मोटार घुमली, सात-आठ सेकंदांनी खाडकन डेल्टा. अँपिअरचा काटा उसळून १२० च्या जवळ बसला. अण्णांनी बेअरिंगवर उलटा हात ठेवला आणि डोळे बारीक करून ऐकत राहिले. शेवटी परत ग्लँड : थेंब, थेंब, थेंब.

"थेंब पडायलाच पायजे ताई. थेंब थांबला की ग्लँडदोरी जळाली समजायचं."

घड्याळ लावलं होतं. सगळं मिळून नऊ मिनिटं. त्यात बटण दाबायला एक सेकंद. आम्हाला काम दिलंय त्या एका सेकंदाचं. उरलेल्या नऊ मिनिटांचं काय करायचं, हाच खरा प्रकल्प आहे.

१३ जानेवारी

मोजमापं झाली. मोटार ७५ किलोवॉट, पूर्ण लोडला साधारण १३० अँपिअर. करंट मोजायची सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) २०० ला ५. नव्यानं बसवायचं : मल्टिफंक्शन मीटर, डिलिव्हरीला प्रेशर सेन्सर, पंपाच्या डोक्यावर पाणी आहे की हवा ते सांगणारा इलेक्ट्रोड. नेटवर्क खोलीत एक काडी, दारात तीन. अँटेना बाहेर काढावी लागणार.

२४ जानेवारी

कागदावर पडदे काढून नेले होते. चहाच्या टपरीवर अण्णा, दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर आणि दोन पाटकरी. पहिल्या कागदावर मोठं बटण, त्यावर एकच शब्द : चालू.

अण्णांनी कागद हातात घेतला, लांब धरला. "ही मोटार चालू हाय म्हणून सांगतंय, का चालू करा म्हणतंय?"

मी गप्प. पुण्यात चौघांनी मिळून हा पडदा तीनदा बघितला होता. एकालाही प्रश्न पडला नव्हता, कारण आम्हाला उत्तर आधीच माहीत होतं. आपल्या भाषेत 'चालू' ही स्थितीही आहे आणि हुकूमही.

'बंद'चं तर त्याहून अवघड. पाटकरी म्हणाले, "मोटार बंद हाय असं कळलं की आमच्यात मेकॅनिकला फोन जातो." बंद म्हणजे थांबवलेली, बंद म्हणजे बिघडलेली, बंद म्हणजे थांबवायचं बटण. एका शब्दात तीन गोष्टी, आणि तिन्हींवर माणूस करणार काय ते वेगवेगळं.

दोन्ही शब्द ॲपमधून काढले. स्थितीसाठी : फिरतेय, थांबली आहे, बिघाड. बटणासाठी : चालवा, थांबवा. विजेसाठी : लाईट आहे, लाईट नाही, एक फेज गेला. सचिवांना 'वीजपुरवठा खंडित' बरं वाटत होतं, कारण पत्रव्यवहारात तसंच लिहितात. रात्री दोन वाजता झोपेतून उठलेला माणूस पत्रव्यवहार वाचत नाही, हे त्यांना पटलं.

२ फेब्रुवारी

मीटर बोलायला लागला, पण खोटं. मोटार समोर फिरतेय, पेटीवरचा काटा १२८ वर, आणि फोनवर ०.० अँपिअर.

दुपार गेली. मीटरमधले आकडे मॉडबसनं वाचतात, ही १९७९ सालची पद्धत. तिच्या नोंदी १६ बिटांच्या, त्यामुळे दशांश आकडा दोन नोंदींत तोडून पाठवतात. १२८ हा आकडा सोळा अंकांच्या (हेक्स) पद्धतीत ४३०० आणि ०००० असा तुटतो. आमच्या मीटरवर पाठवायचा क्रम उलटा होता. आधी ०००० आणि मग ४३०० असं जोडलं की इतका सूक्ष्म आकडा तयार होतो की पडद्यावर शून्यच दिसतं.

क्रम बदलला, आकडे जुळले. खटकलं ते वेगळंच. चुकीचा आकडा आठ कोटी असा आला असता तर कुणीही ओळखला असता. शून्य मात्र खरंच वाटतं. शून्य अँपिअर बघून एखादा 'थांबलीय' समजून मोटार आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगला हात लावील.

आजपासून नियम : 'थांबली आहे' हे एकट्या अँपिअरवरून लिहायचं नाही. कॉन्टॅक्टरचा (मोटारीला लाईट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा) सहायक संपर्क सुटलेला, करंट शून्य, प्रेशर स्थिर, तिन्ही जुळले तरच. नाही जुळले तर पडद्यावर नक्की माहीत नाही, जाऊन बघा. सहकाऱ्याला वाटलं असं लिहिलं तर ॲप कच्चं दिसेल. दिसू दे.

९ फेब्रुवारी

रंगांचा घोळ. फिरणारी मोटार मी हिरव्या रंगात दाखवली होती. दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरनं चार फुटांवरून फोन बघितला आणि म्हणाला, थांबलेली दिसतीय.

त्याचं बरोबर होतं. पेटीवर लाल दिवा म्हणजे मोटारीत लाईट आहे, हिरवा दिवा म्हणजे लाईट तुटलेली. आपल्याकडच्या स्विचगिअरमध्ये, म्हणजे विजेच्या पेट्यांमध्ये, ही जुनी रीत आहे; लाल म्हणजे जिवंत, हात लावू नको. आणि त्याच पेटीवर बटणं बरोबर उलटी : हिरवं चालवायचं, लाल थांबवायचं. तीस वर्षं रोज बघितलेल्या पेटीपुढे माझ्या फोनमधल्या रंगाची काय किंमत?

लाल-हिरवा दोन्ही सोडले. फिरतेय : पूर्ण काळा पट्टा, त्यावर पांढरी ठळक अक्षरं आणि फिरतं चक्र. थांबली आहे : पांढरा पट्टा, काळी चौकट, चक्र नाही. बिघाडाला तेवढा पिवळा. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे पुरुष काही कमी नसतात, त्यांचीही सोय झाली.

२१ फेब्रुवारी

पाइपलाइन हा मोटारीपेक्षा मोठा प्राणी आहे. पाणी सेकंदाला साधारण १ मीटर वेगानं चढत असतं. लाईट जाते, पंप थांबतो, आणि दोन किलोमीटर लांबीचा पाण्याचा खांब आधी पुढे जातो, मग मागे येतो. लोखंडी लाइनमध्ये दाबाची लहर सेकंदाला हजारेक मीटर जाते. १ मीटरचा वेग एकदम अडला तर दाबाचा धक्का सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याएवढा, म्हणजे गेजवर दहा किलो. ही लहर वर जाऊन परत यायला आमच्या लाइनवर साडेचार सेकंदांच्या आतबाहेर लागतात.

पाणी मागे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसला नाही तर येणारं पाणी पंपाला उलटं फिरवतं. उलट्या फिरणाऱ्या पंपाला लाईट दिली की शाफ्ट पिळवटतो. अण्णांनी कोपऱ्यात ठेवलेला जुना शाफ्ट दाखवला. मोडलेल्या तोंडावर जिलबीसारखा पीळ.

म्हणून थांबल्यावर तीन मिनिटं 'चालवा' मिळणार नाही. ही तीन मिनिटं फोन मोजणार नाही, कंट्रोलर मोजेल. फोनवर फक्त उरलेले सेकंद दिसतील. गेज चार किलोच्या खाली असेल तर लाइन रिकामी आहे असं धरायचं आणि फोनवरून सुरुवात द्यायचीच नाही. रिकामी लाइन हातानं, डिलिव्हरीच्या व्हॉल्व्हचं चाक मिटून, हळूहळू भरायची असते.

४ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

सकाळी कंट्रोलर दोन नंबरच्या पेटीला जोडला. मोटारीचा मेन स्विच पाडलेला, तिन्ही फ्यूज काढून सहकाऱ्याच्या पिशवीत. कंट्रोलची लाईट वेगळी, ती चालू. ११:१० ला मी फोनवरून 'चालवा' दाबलं, कॉन्टॅक्टर ओढला गेला, सगळे खूश. पेटीच्या लाल बटणानं मी तो सोडला. मोटार पेटीवरून चालवायची की लांबून ते ठरवणारा लोकल-रिमोटचा स्विच रिमोटवरच राहिला. मीच ठेवला.

११:२५ ला लाईट गेली. मोकळा वेळ मिळाला म्हणून अण्णा दोन नंबरच्या पंपाची ग्लँड आवळायला बसले. पाना उजव्या हातात, डावा हात कपलिंगशेजारी फ्रेमवर.

१२:०५ ला लाईट आली. पाऊणएक मिनिटानं पेटीतून आवाज आला : खटाक.

अण्णांनी हात काढून घेतला. पाना फरशीवर पडला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ताई, कुणी दाबलं?"

कुणीच दाबलं नव्हतं. माझा फोन जीपमध्ये होता.

मेन स्विच पाडलेला आणि फ्यूज पिशवीत होते म्हणून मोटार हलली नाही. स्विच लावलेला आणि फ्यूज जागेवर असते तर स्टार-डेल्टा झाल्यावर ती मिनिटाला १४८० फेरे घेते, सेकंदाला जवळजवळ पंचवीस. अण्णांची बोटं कपलिंगच्या बोल्टांपासून चार अंगुळं लांब होती. मी जवळ जाऊन बसले. काही बोलायला सुचलं नाही. त्यांनीच तंबाखूची डबी काढली आणि म्हणाले, "लाईट आल्यावर आपोआप सुरू हुणारी मोटार मला ठावी हाय. पर ही तशी नव्हं असं तुमी म्हणाला हुता." म्हणाले होते खरं.

५ मार्च

रात्री कारण सापडलं. चूक माझी आहे.

फोन आणि कंट्रोलर यांच्यातले निरोप एमक्यूटीटीनं जातात. ही पद्धत १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तयार केली, तेलाच्या पाइपलाइनींवरची माहिती उपग्रहावरून, कमी खर्चात आणता यावी म्हणून. मधल्या ब्रोकरला, म्हणजे निरोप पोहोचवणाऱ्या सर्व्हरला, निरोप 'राखून ठेव' असं सांगता येतं. मग उशिरा जोडणाऱ्याला शेवटचा निरोप लगेच मिळतो. स्थितीसाठी हे उत्तम आहे : फोन उघडला की शेवटची माहिती हजर.

जानेवारीत टेबलावर चाचणी करताना सिम सारखं तुटायचं आणि 'चालवा' हरवायचा. म्हणून मी हुकुमालाही 'राखून ठेव'ची खूण लावली. हरवणं थांबलं आणि मी ते विसरले. काल लाईट आल्यावर कंट्रोलर जागा झाला, ब्रोकरला जोडला, आणि ब्रोकरनं पंचावन्न मिनिटं जुना हुकूम इमानेइतबारे त्याच्या हातात ठेवला.

खूण काढली की हे एक भोक बुजेल. पण उद्या सर्व्हर दुसऱ्या कुणाच्या हातात जाईल, कुणी नवा ॲप लिहील. म्हणून पंपहाऊसची राखण पंपहाऊसमध्येच हवी. आज ठरलं ते असं.

फोन आधी परवानगी मागेल. कंट्रोलर त्या क्षणी एक आकडा तयार करून पाठवेल. तोच आकडा वीस सेकंदांत परत आला तरच हुकूम खरा. जुना निरोप कितीही वेळा आला तरी त्याचा आकडा मेलेला.

पेटीवर चावी. पाणी भरून, ग्लँड बघून ऑपरेटरनं चावी 'तयार'वर फिरवली तरच फोनला विचारायची मुभा. खोलीच्या दाराला स्विच. दार उघडलं की 'तयार' तुटलं, परत चावी फिरवावी लागणार. सुरू होण्याआधी वीस सेकंद भोंगा. आणि चावी, दार, भोंगा हे तिन्ही तारेनं कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत, कंट्रोलरमधल्या प्रोग्रॅमच्या भरवशावर नाही.

'थांबवा'ला यातलं काहीही नको. तो कुणाही ऑपरेटरच्या फोनवरून, कधीही, एका दाबात.

११ मार्च

संचालक मंडळाची बैठक. ४ तारखेचं मी स्वतः उभं राहून सांगितलं. भोंगा, दाराचा स्विच आणि चावी यांचा खर्च मूळ अंदाजात नव्हता. चेअरमननी अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, "भोंगा पायजेच." विषय मंजूर.

एका संचालकांनी फोनवर 'आणीबाणी थांबा' असं लाल बटण मागितलं. नकार दिला. फोनचा 'थांबवा' टॉवरवरून जातो. कधी एका सेकंदात पोहोचेल, कधी पोहोचणारच नाही. आणीबाणीचं बटण म्हणजे पेटीवरचं लाल, कुत्र्याच्या छत्रीसारखं, तारेनं थेट जोडलेलं. तसलं दुसरं बटण दारापाशी बसवून देऊ. फोनवर ते नाव लिहिलं तर एखादा माणूस धावायचं सोडून खिसे चाचपत राहील.

९ एप्रिल, गुढीपाडवा

सचिवांनी मुहूर्त धरला होता. पेटीला हार, नारळ. अण्णांनी पाणी भरलं, चावी फिरवली, दार ओढून घेतलं, आणि आम्ही सगळे वर डिलिव्हरी चेंबरला गेलो. २.२ किलोमीटर लांब, पंपहाऊस नजरेआड.

अण्णांनी 'चालवा' दोन सेकंद दाबून धरलं. पडद्यावर एकाखाली एक ओळी आल्या :

निरोप गेला.
पंपहाऊसला मिळाला.
भोंगा वाजतोय, १९… १८… १७…
कॉन्टॅक्टर लागला.
फिरतेय. १२१ अँपिअर. प्रेशर ५.८ किलो.

तेवढ्यात चेंबरच्या तळातून पाणी फुगून वर आलं, आधी लालसर गढूळ, मग हिरवट. पाटकऱ्यांनी पाटाचं दार उचललं.

बटण दाबल्याबरोबर ते पडद्यावरून नाहीसं होतं, त्याच्या जागी या ओळी येतात. हे मुद्दाम केलं. आज 'निरोप गेला' ही ओळ चौदा सेकंद तशीच राहिली होती, तेवढ्यात तिघांनी "परत दाबा की" म्हटलं. परत दाबायला काही नसलं की माणूस वाट बघतो. आणि कुठं अडलंय तेही दिसतं : निरोप फोनमध्येच अडला, की पंपहाऊसला पोहोचूनही मोटार उचलली नाही. दोन्हींचं उत्तर वेगळं असतं.

१८ एप्रिल

ऊन आणि पाणी. दुपारी दोनला बांधावर चार स्वस्त फोन घेऊन बसलो. काळ्या पार्श्वभूमीचा पडदा उन्हात आरसा होतो, स्वतःचं तोंड दिसतं. पांढऱ्यावर काळी ठळक अक्षरं वाचता येतात. एक फोन इतका तापला की त्यानं पडद्याचा उजेड आपणहून कमी केला, मग तर काहीच दिसेना. मुख्य अक्षरं अजून मोठी केली. एका पडद्यावर एकच मोटार.

ओल्या हातानं सरकपट्टी चालत नाही. थेंब पडला की फोनला दोन बोटं लागल्यासारखं वाटतं आणि पट्टी मधेच सुटते. दाबून धरणं जमतं. अँड्रॉइडच्या शिफारशीप्रमाणे बटण निदान नऊ मिलिमीटर हवं. आमचं वीस आहे. अण्णांचा अंगठा त्यात बसतो.

माहितीचं वय प्रत्येक पडद्यावर वरच्या ओळीत : '८ सेकंदांपूर्वी'. मिनिटावर गेलं की सगळा पट्टा तिरक्या रेघांनी भरतो आणि 'फिरतेय' ऐवजी येतं : १०:४२ ला फिरत होती. एवढा भूतकाळ लिहायला मला दोन दिवस लागले, पण पाटकऱ्यांना तो न समजावता समजला.

२६ एप्रिल

सूचना. स्वस्त फोन बॅटरी वाचवायला ॲप झोपवतात. ट्रिपची, म्हणजे मोटार बिघाडानं आपोआप थांबल्याची, सूचना एकदा चाळीस मिनिटांनी आली. म्हणून ट्रिप झाली की एसएमएस आणि पाठोपाठ यंत्राचा कॉल, दोन्ही. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं मावतात, रोमनमध्ये १६०. त्यात बसवलेला मजकूर : 'मोटार 2 थांबली. एक फेज गेला. वेळ 02:14'. मजकुराचा नमुना डीएलटीवर, म्हणजे अशा एसएमएसच्या नोंदणीच्या यंत्रणेवर, आधी नोंदवावा लागतो, त्यात आठवडा गेला.

आकडे ॲपमध्येही मीटरवर दिसतात तसेच ठेवले. मला देवनागरी आवडले असते. पण फोन आणि मीटर शेजारी धरून आकडा ताडून बघायचा असतो, तिथं माझी आवड मधे नको.

१४ मे

पहिली पूर्ण रात्रपाळी. मी अण्णांच्या घरी, सोप्यात. लाईट यायच्या वेळी सगळे जागे.

लाईट आली आणि व्होल्टेज ४१५ वरून झरझर ३४० वर उतरलं. शिवारभर ऑटो स्विच बसवलेल्या मोटारी एकदम उठल्या होत्या. डीपी जळतात ते याच मिनिटांत. आमचा कंट्रोलर व्होल्टेज सलग पाच मिनिटं सावरेपर्यंत परवानगी देत नाही. फोनवर : 'व्होल्टेज कमी, थांबा'. अकरा मिनिटांनी बटण उगवलं, अण्णांनी दाबून धरलं, ओळी आल्या, फिरतेय.

सगळं बरोबर. तरी अण्णा अस्वस्थ. पाच मिनिटांनी चप्पल घालायला लागले. "आवाज आला न्हाई, ताई. आवाज ऐकल्याबिगर झोप कशी लागंल?"

टॉर्च घेऊन आम्ही दोघं गेलोच. मोटार व्यवस्थित फिरत होती. परतताना मी विचार करत होते, मोजायचं ते सगळं मोजलं आणि अण्णा ज्या गोष्टीवर विश्वास ठेवतात तेवढीच राहिली.

२३ मे

पंपहाऊसमध्ये मायक्रोफोन बसवला. फोनवर नवं बटण : ऐका. दहा सेकंदांचा आवाज, टेलिफोनच्या दर्जाचा, आत्ताचा. नेटवर्कच्या दोनच काड्या असल्या तरी येतो.

२८ मे

काल रात्री साडेअकराला अण्णांचा फोन. "ताई, खडी वाजतीया."

ॲप उघडलं. ११४ अँपिअर, प्रेशर ५.५. दोन्ही आम्ही घातलेल्या मर्यादेच्या आत, पट्टा काळा, चक्र फिरतंय. मग 'ऐका' दाबलं. मोटारीच्या घुमण्याखाली, पाइपातून मूठभर खडी चाललीय असा आवाज. पंपाच्या तोंडाशी पाणी कमी पडलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पंख्यावर फुटतात. तो हा आवाज. तसंच चालू राहिलं तर पंखा कुरतडला जातो.

अण्णांनी सोप्यातूनच 'थांबवा' दाबलं. सकाळी फुटवॉलची, म्हणजे नदीतल्या पाइपाच्या तोंडावरच्या व्हॉल्व्हची, जाळी वर काढली : जलपर्णीची मुळं आणि एक सिमेंटची पिशवी. नदीचं पाणीही मे अखेरीस उतरलेलं.

मर्यादा आज बदलली. मोटारीचा आकडा ठरावीक रेषेशी न ताडता, त्याच मोटारीच्या कालच्या याच वेळच्या आकड्याशी ताडायचा. १२१ ची ११४ झाली की सांगायचं. पण कालच्या रात्री पंप वाचला तो अण्णांच्या कानामुळे, हे प्रकल्पाच्या अहवालात त्यांच्या हुद्द्यासकट लिहिलं आहे.

६ जून

पावसाआधीची तयारी. पंपाला पाणी ओढून घ्यायची मर्यादा असते. प्रत्यक्षात सहा-सात मीटर. म्हणून मोटारी नदीलगत, खाली बसवाव्या लागतात, आणि म्हणून पुरात त्याच आधी बुडतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा ही खोली पत्र्यासकट पाण्याखाली होती. दोन्ही मोटारी त्याआधी वर निघाल्या होत्या, एक पेटी राहिली.

आज एक नंबरची काढून बघितली, सराव म्हणून. चेनब्लॉक (जड वजन उचलायची साखळी-कप्पी) वरच्या गर्डरला, सहा माणसं, दीड तास. मोटार ट्रॉलीवर आल्यावर मी फोन बघितला : बिघाड, मोटार १ ला करंट नाही. आणि यंत्राचा कॉल सुरू, तिघांच्या खिशात एकदम.

खोलीत मोटारच नाही, हे पडद्याला सांगायची सोयच मी ठेवली नव्हती. संध्याकाळी नवी स्थिती घातली. ऑपरेटर पेटीवरच्या चावीनंच ती लावतो, फोनवरून लागत नाही. ती असताना कॉल जात नाहीत आणि 'चालवा' दिसत नाही.

अण्णांनी चावी फिरवली. चारही फोनवर बदललं : मोटार १ वर काढली आहे. 6 जून, 18:20.

उद्या : चेंबरमधल्या पाण्याची पातळी सांगणाऱ्या फ्लोटची केबल उंदरांनी कुरतडली आहे, ती लोखंडी पाइपातून न्यायची. भोंग्यात गांधीलमाशीचं घर झालंय, ते काढायचं. कंट्रोलरची पेटी २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या चार फूट वर उचलायची. गवंडी सकाळी आठला येतोय.